काही होत नाही, मग तपासू कशाला?

पुढचा संवाद दोन कल्पित माणसांमधला आहे. दाजी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वय एकसष्ट, अंगानं सडपातळ, रोज पहाटे तासभर चालणारे. स्वतःसाठी त्यांनी दवाखान्याची पायरी कित्येक वर्षांत चढलेली नाही. डॉक्टर म्हणजे त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ, कोरेगाव तालुक्यात दवाखाना चालवणारा. माणसं कल्पित असली तरी त्यांच्या तोंडचे दाखले आणि आकडे खरे आहेत. दाजींची बाजू मी मुद्दाम भक्कम ठेवली आहे. तपासणी टाळणारा पुरुष आळशी किंवा अडाणीच असतो असं धरून लिहिलेला मजकूर त्या पुरुषाला दोन ओळींत ओळखू येतो आणि तो पान उलटतो. त्याला शंका असतात, आणि त्यातल्या काही अगदी रास्त असतात.

दाजी: तुझ्या ताईनं हे पत्रक माझ्यापुढं आणून ठेवलंय. संपूर्ण शरीर तपासणी, ऐंशी चाचण्या, रक्त न्यायला माणूस घरी येणार, वर आयकरात सवलत. मी म्हटलं, मला काही होत नाही. तर म्हणाली, भावाशी बोला. बोल.

डॉक्टर: सवलत खरी आहे. जुन्या करपद्धतीत प्रतिबंधात्मक तपासणीच्या 5,000 रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते. पण आधी तुमचं ऐकतो. नको का म्हणता?

दाजी: कारण आकडे माझ्या बाजूनं आहेत. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणारी कोक्रेन नावाची संस्था आहे, तुला माहीतच असेल. त्यांनी 2012 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये सर्वसाधारण आरोग्य तपासणीवरचे सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले. 17 प्रयोग, अडीच लाखांहून अधिक माणसं. एका गटाला तपासणीला बोलावलं, दुसऱ्याला बोलावलं नाही, आणि वर्षानुवर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. एकूण मृत्यूंत फरक नाही. हृदयविकाराच्या मृत्यूंत नाही, कर्करोगाच्या मृत्यूंतही नाही. कोपनहेगनच्या परिसरात तर सुमारे 60 हजार लोकांवर दहा वर्षांचा प्रयोग झाला, त्यातही हृदयविकार कमी झाला नाही. आणि जाहिरातवाले विचारतात, गाडीची सर्व्हिसिंग करता, मग शरीराची का नाही? अरे, सर्व्हिसिंगमध्ये ऑइल बदलतात, ब्रेक दुरुस्त करतात. रक्त काढून हातात कागद दिल्यानं माझ्या शरीरात काय बदललं?

डॉक्टर: कागदानं काहीच बदलत नाही, हे मला मान्य आहे.

दाजी: पुढचं ऐक. लॅबच्या कागदावर जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते ती बहुतेक वेळा कशी ठरते? निरोगी माणसांपैकी 95 टक्के ज्यात बसतात ती मर्यादा. म्हणजे धडधाकट माणसाचीही एखादी चाचणी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता 5 टक्के. वीस चाचण्या केल्या तर निदान एक तरी बाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के. ऐंशी केल्या तर 98. चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, म्हणून खरा आकडा थोडा खाली येईल, पण अर्थ तोच. हे पॅकेज घेणाऱ्याला काही ना काही ठळक अक्षरांत छापून मिळणारच. मग सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, मग मोठ्या डॉक्टरांकडे पुण्याला. दक्षिण कोरियात काय झालं वाचलंस ना? कर्करोगाच्या तपासणी मोहिमेत गळ्याची सोनोग्राफी स्वस्तात होऊ लागली. 2011 पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान 1993 च्या पंधरा पट झालं. हजारो लोकांची ग्रंथी काढली, त्यांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या. आणि त्या कर्करोगानं मरणाऱ्यांची संख्या होती तेवढीच राहिली.

इथं थोडं थांबावंसं वाटतं. दाजींचा हा युक्तिवाद मराठी वृत्तपत्रांतल्या आरोग्यविषयक सदरांत क्वचितच वाचायला मिळतो. तिथं 'जितक्या जास्त चाचण्या तितकं चांगलं' असाच सूर असतो, आणि त्याचा फायदा कोणाला होतो हे सांगायला नको. डॉक्टरची खरी कसोटी अशी की दाजींना खोटं न ठरवता त्यांना तपासणीला न्यायचं.

डॉक्टर: दाजी, त्या पत्रकावर पेन घेऊन बसलो तर ऐंशीतल्या पंचाहत्तर चाचण्या मी खोडीन. तुमच्यासारख्या कसलाही त्रास नसलेल्या माणसाला त्या नकोतच. पण दोन गोष्टी त्या ऐंशीत नाहीतच. शोधा बरं.

दाजी: काय नाही त्यात? व्हिटॅमिन आहे, थायरॉइड आहे, यकृत आहे...

डॉक्टर: रक्तदाब नाही. आणि तोंड उघडून बघणं नाही. रक्त न्यायला आलेला मुलगा सुई टोचून बाटल्या भरून जातो. तो दंडाला पट्टा बांधत नाही आणि टॉर्च घेऊन तुमच्या गालाच्या आत बघत नाही. महाराष्ट्रातल्या पुरुषाला ज्या दोन तपासण्यांची सगळ्यात जास्त गरज आहे, त्या दोन्ही रक्ताच्या बाटलीत मावत नाहीत.

दाजी: रक्तदाब वाढला तर डोकं दुखतं, गरगरतं. मला तसलं काही होत नाही.

डॉक्टर: बहुतेकांना काहीच होत नाही, तीच अडचण आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची गोष्ट घ्या. जगातला सगळ्यात महत्त्वाचा रुग्ण. 1937 मध्ये त्यांचा रक्तदाब 162/98 होता. 1944 च्या मार्चमध्ये हृदयतज्ज्ञानं तपासलं तेव्हा 186/108. त्यांचे नेहमीचे डॉक्टर नाक-कान-घशाचे. ते बाहेर सांगत राहिले की साहेबांची प्रकृती वयाच्या मानानं उत्तम आहे. 12 एप्रिल 1945 ला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशीचा रक्तदाब होता 300/190.

दाजी: म्हणजे मोजून काही उपयोग झाला नाही, हेच तर मी म्हणतोय.

डॉक्टर: त्या वेळी नाही झाला, कारण हातात धड औषध नव्हतं, आणि वय वाढलं की रक्तदाब वाढणारच असं कितीतरी डॉक्टरही मानत. रूझवेल्ट गेल्यावर तीन वर्षांनी, 1948 मध्ये, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या 5,209 स्त्री-पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांनी हृदयविकाराचा धोका वाढतो हे आज शाळकरी पोराला माहीत आहे, ते तिथं सिद्ध झालं. मग औषधं आली. आणि 1967 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा प्रयोग छापून आला. तुमच्यासाठीच सांगतो, कारण तो तुमच्या पद्धतीचा आहे. 143 पुरुष, सगळ्यांचा खालचा रक्तदाब 115 ते 129. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना नुसत्या दिसायला सारख्या. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत 2 जणांना गंभीर आजार झाला. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत 27 जणांना.

दाजी: दोन विरुद्ध सत्तावीस?

डॉक्टर: दोन विरुद्ध सत्तावीस. आणि ती माणसं तपासणीला येईपर्यंत चालतीफिरती होती. पुढं सौम्य रक्तदाबावरही प्रयोग झाले. आज साधारण हिशेब असा आहे की वरचा रक्तदाब 10 अंकांनी खाली आणला तर पक्षाघाताचा धोका सुमारे 27 टक्क्यांनी कमी होतो. नुसत्या मोजण्यानं काही वाचत नाही, हे तुमचं खरं. पण मोजल्याशिवाय ती गोळी कुणाला द्यायची ते कसं कळणार?

दाजी: ठीक. मग कोक्रेनच्या अडीच लाख माणसांत हा फायदा दिसला का नाही? त्यांचेही रक्तदाब मोजले होतेच की.

हा प्रश्न नेमका आहे, आणि त्याचं उत्तर टाळून पुढं जाणं अप्रामाणिक ठरेल.

डॉक्टर: ते प्रयोग युरोप-अमेरिकेतले. तिथल्या माणसाला ठरलेला डॉक्टर असतो. सर्दीसाठी गेला तरी तो पट्टा बांधतो. म्हणजे ज्यांना तपासणीला 'बोलावलं नाही' त्यांचंही मोजमाप इकडून तिकडून होतच होतं. शिवाय बोलावल्यावर येतात कोण? स्वतःची आधीच काळजी घेणारे. ज्याला गरज आहे तो घरीच राहतो. आता आपल्याकडचं चित्र बघा. 2017-18 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ज्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला, त्यांच्यापैकी आपल्याला तो आहे हे जेमतेम 28 टक्क्यांना माहीत होतं. उपचार घेणारे साधारण 14 ते 15 टक्के. ज्यांचा आटोक्यात होता ते तेराच्याही आत. शंभरातल्या बहात्तर जणांना पत्ताच नाही. कोपनहेगनचा निष्कर्ष कोरेगावला जसाच्या तसा कसा लावणार?

दाजी: हा तर्क झाला. पुरावा नव्हे.

डॉक्टर: सगळ्या तपासण्यांच्या गाठोड्याला पुरावा नाही, हे मी आधीच मान्य केलंय. मी गाठोडं विकायला आलेलो नाही. वेगवेगळ्या तपासणीचा वेगवेगळा पुरावा बघा एवढंच म्हणतोय. रक्तदाबाचा दिला. आता तोंडाचा देतो, तोही भारतातला.

दाजी: तंबाखूला मी हात लावत नाही.

डॉक्टर: जेवणानंतर सुपारी?

दाजी: ती काय, एखादं खांड.

डॉक्टर: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, कर्करोगकारक ठरवली. भारतातल्या पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग कुठला? फुप्फुसाचा नाही, प्रोस्टेटचा नाही. तोंडाचा. महाराष्ट्रात साधारण तीन पुरुषांमागे एक जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतो. विदर्भात खर्रा, आपल्याकडं मावा आणि चुना-तंबाखू. 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पानटपरीच्या मागं पुड्यांचा खच पडलेला तुम्ही रोज बघता. आपले माजी गृहमंत्री आर. आर. आबा गेले 2015 मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तोंडाच्याच कर्करोगानं. शरद पवारांना 2004 मध्ये तोच आजार झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर ते तंबाखू-सुपारीपासून दूर राहा असं जाहीर सांगत आलेत. कर्करोगांमध्ये हा एक असा आहे की आरसा आणि उजेड असला की डोळ्यांनी दिसतो.

दाजी: आणि पुरावा?

डॉक्टर: तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून मोठा प्रयोग झाला. पस्तिशीच्या पुढची सुमारे 1 लाख 90 हजार माणसं. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते, डॉक्टर नव्हेत, घरोघरी जाऊन टॉर्चनं तोंड बघायचे. संशय आला की पुढं पाठवायचे. 2005 मध्ये निकाल आला. ज्यांना तंबाखू किंवा दारूची सवय होती, त्यांच्यात तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू एक-तृतीयांशानं घटले. सवय नसलेल्यांत फायदा दिसला नाही.

दाजी: हे मला पटतं. कुणाला तपासायचं ते ठरवून तपासलंय.

डॉक्टर: तोंड उघडा. आता तीन बोटं उभी धरून आत घाला. जातात? चांगलं. सुपारी खाणाऱ्यांचे गाल आतून कडक होत जातात, आधी तिखट लागतं, मग दोनच बोटं जातात, मग एक. पांढरा चट्टा, त्याहून वाईट म्हणजे लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारं तोंड आलेलं असलं तर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खात बसायचं नाही, दाखवायचं. माझ्याकडं येणारे निम्मे लोक तोंडाला मलम लावून दोन-तीन महिने घालवून येतात.

दाजी: बरं, साखर. मी बारीक आहे. आमच्या घरात कुणी जाड नाही.

डॉक्टर: यावर पुण्यातच काम झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे फोटो शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, दोघांचा बीएमआय 22.3. दिसायला दोघंही बारीक. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपला माणूस वरून सडपातळ आणि आतून चरबीचा असू शकतो, हे त्यांनी फोटोनं दाखवलं. म्हणून वजनकाट्यावर जाऊ नका, पोट मोजा. पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत हवी, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. आणि पट्टी बेंबीच्या पातळीवर लावायची. पोटाखाली घसरलेल्या पँटचा नंबर धरायचा नाही.

दाजी: आणि कंबर ठीक निघाली तर?

डॉक्टर: तरी तुमच्या वयाला उपाशीपोटी साखर एकदा बघायचीच. 126 किंवा जास्त आली तर दुसऱ्यांदा करून खात्री करायची. 100 ते 125 म्हणजे उंबरठ्यावर. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणं भारतात मधुमेही आहेत 10 कोटींच्या वर, आणि उंबरठ्यावरचे त्याहून जास्त, 13 कोटी 60 लाख. उंबरठ्यावरच्याला चालणं आणि ताटातला बदल यांनी मागं वळता येतं. पाय बधिर झाल्यावर, डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरल्यावर येणाऱ्याला मी काय परत देणार?

कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रथिन, डोळे यांवरही दोघं थोडं बोलले, पण त्यात मतभेद उरला नाही. चाळिशीनंतर कोलेस्टेरॉल एकदा बघावं, आणि रक्तदाब किंवा साखर वाढलेली निघाली तर मूत्रपिंड आणि डोळे तपासणं टाळू नये, इतकं दाजींनी मानलं. अडले ते हृदयापाशी.

दाजी: माझ्या वर्गमित्राची ट्रेडमिलवरची चाचणी अगदी नॉर्मल आली होती. दीड महिन्यात झटका येऊन गेला. मग कशाला ती पळापळ?

डॉक्टर: म्हणूनच ज्याच्या छातीत काही होत नाही त्याला मी ट्रेडमिलवर चढवत नाही. ती चाचणी मुख्यतः बराच अरुंद झालेला रस्ता दाखवते, साधारण 70 टक्क्यांच्या पुढचा. पुष्कळ झटके येतात ते धमनीतला लहानसा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी बसल्यामुळं. चाचणीत तो थर दिसतच नाही. तो फुटू नये यासाठी जे करता येतं ते रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि बिडी-सिगारेट या चार ठिकाणीच करता येतं. 2021 मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा बंगळुरूच्या हृदयरुग्णालयात तपासून घ्यायला तरुणांची रीघ लागली. भीतीनं एकदा ईसीजी काढायचा आणि मग दहा वर्षं सुटलो समजायचं, त्यापेक्षा दरवर्षी पाच मिनिटं पट्टा बांधलेला बरा.

दाजी: प्रोस्टेटची ती पीएसए चाचणी? माझ्या बरोबरीचे सगळे करून घेतात.

डॉक्टर: तिथं मी तुमच्या बाजूला आहे. युरोपातल्या 23 वर्षांच्या प्रयोगात तपासणीमुळं त्या कर्करोगाचे मृत्यू 13 टक्के कमी झाले खरे, पण एक मृत्यू टळायला 456 जणांना बोलवावं लागलं आणि 12 जणांच्या माथी जास्तीचं निदान आलं. त्यातल्या कितीतरींना तो आजार कधी जाणवलाही नसता. लघवीची तक्रार असेल किंवा वडिलांना, भावाला झाला असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर आधी डॉक्टरांशी बोला, फायदा-तोटा समजून घ्या, मग ठरवा. पॅकेजात आहे म्हणून करायची ही चाचणी नव्हे.

दाजी: आता माझ्या मनातलं शेवटचं सांगतो. समजा, रक्तदाब निघाला. मी आज निरोगी माणूस आहे, उद्या पेशंट होईन. तुझी ताई मीठ काढून घेईल, पोरं फोनवर विचारत राहतील. 1978 चा एक कॅनडाचा अभ्यास आहे. पोलाद कारखान्यातल्या कामगारांचे रक्तदाब मोजले आणि ज्यांचा वाढलेला होता त्यांना तसं सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांच्या आजारपणाच्या रजा 80 टक्क्यांनी वाढल्या. कळण्यानंच माणूस आजारी पडतो.

डॉक्टर: तोच अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो. रजा वाढल्या त्या मुख्यतः ज्यांना नव्यानं कळलं आणि ज्यांनी औषध नीट घेतलं नाही त्यांच्या. आजार कळवून माणसाला वाऱ्यावर सोडलं की तो घाबरतो. म्हणून मी म्हणतो, पाठीशी कुणी नसेल तर शिबिरात पट्टा बांधू नका. शिबिरं भरतात, फोटो निघतात, तीनशे जणांचा रक्तदाब मोजला अशी बातमी येते. त्यातल्या वाढलेल्या साठांचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नाही.

तपासणीची किंमत तपासणीनंतरच्या महिन्यात ठरते, आणि आपल्याकडं नेमकी तिथंच वाट तुटते. 2017 च्या अखेरीस महाराष्ट्रासह पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्याचं वेगळेपण याच जागी होतं. औषधांची ठरावीक यादी, ती घराजवळच्या केंद्रात, आणि ठरल्या दिवशी न आलेल्याला फोन. 2022 मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

दाजी: पण पुरुषच का मागं राहतात रे? तुझी ताई वर्षातून एकदा जाऊन येते.

डॉक्टर: बाईचा दवाखान्याशी संबंध गरोदरपणात येतो. इच्छा असो नसो, तिचं वजन होतं, रक्तदाब मोजला जातो, हिमोग्लोबिन बघितलं जातं. मुलाच्या लशींसाठी तीच जाते. पुरुषाचा शाळेतली तपासणी संपली की पहिला झटका येईपर्यंत आरोग्यखात्याशी काही संबंधच येत नाही. आशाताई घरी येते तेव्हा तो शेतात, कारखान्यात किंवा रिक्षावर. सरकारी बाह्यरुग्ण विभाग मुख्यतः सकाळचा. हजेरीवर काम करणाऱ्याला 'काही होत नसताना' अर्धा दिवस घालवायचा म्हणजे अर्धा दिवस मजुरी गेली. त्याला बेफिकीर म्हणणं सोपं आहे. 2022 मध्ये राज्यात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' मोहीम झाली, आणि पुढच्या वर्षी अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे'. पुरुषांसाठी वेगळी मोहीम काढावी लागली यातच सगळं आलं. मी आता महिन्यातून एक सकाळ दूध संकलन केंद्रावर बसतो. साडेसहाला पुरुष तिथंच भेटतात. किटली ठेवायची, पाच मिनिटं टेकायचं, दंड पुढं करायचा.

दाजी: आणि काय काय विचारतोस?

डॉक्टर: तंबाखू, दारू, घरात कुणाला मधुमेह. आणि झोप लागते का. हा प्रश्न कुठल्याच पॅकेजात नसतो. देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहांपैकी सात पुरुष असतात आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त आत्महत्या महाराष्ट्रात होतात. पट्टा बांधलेला असताना पुरुष बोलतो. एरवी कर्जाबद्दल, झोपेबद्दल, रात्रीच्या दारूबद्दल तो डॉक्टरशी बोलायला येत नाही.

दाजींनी पत्रक घडी घालून बाजूला ठेवलं. पॅकेज ते घेणार नाहीत, आणि डॉक्टरनंही तसा आग्रह धरला नाही. सुपारी सोडण्याबद्दल त्यांनी शब्द दिला नाही. रक्तदाब मोजायला मात्र त्यांनी बाही वर केली, तेही दोनदा मोजायचा या अटीवर. एका मोजणीवर निष्कर्ष काढू नये हे संख्याशास्त्राच्या मास्तराला कुणी शिकवायला नको.

माझं मत डॉक्टरच्या बाजूचं आहे, पण दाजींच्या अटींसकट. भीतीच्या भरात किंवा मार्चअखेरीला घेतलेली ऐंशी चाचण्यांची थप्पी पुरुषाच्या आयुष्यात काही भर घालत नाही. ती घेणारी माणसं रक्तदाब मोजायला पाच मिनिटं देत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही पाच मिनिटं सगळ्यात स्वस्त आहेत आणि त्यांच्यामागं सगळ्यात जास्त पुरावा आहे.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, ती सोय आहे. जाण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. पट्टा शर्टावरून बांधू देऊ नका. दोन वेळा मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे तारखेसकट लिहून घ्या. 140/90 किंवा त्यावर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पुन्हा तसाच आला तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध सुरू करा आणि बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका. आणि हे वाचणारी बहीण, बायको किंवा मुलगी असेल, तर घरातल्या पुरुषाच्या हातात जाहिरातीचं पत्रक देऊ नका. त्याच्याबरोबर उपकेंद्रापर्यंत चालत जा, आणि तिथं गेल्यावर स्वतःचाही दंड पुढं करा.